फाइलवर नाव नसतं, नंबर असतो

भाच्याच्या मुंजीचे फोटो टीव्हीवर दिसेनात. घरातला एक जुना लॅपटॉप मी सर्व्हर म्हणून चालू ठेवलाय, त्यावर दोन कंटेनर, म्हणजे प्रोग्रॅम एकमेकांपासून वेगळे ठेवणारे बंद कप्पे. एक घरातल्या सगळ्यांच्या फोनमधले फोटो गोळा करतो, दुसरा त्यांचा अल्बम लावून दाखवतो. फोल्डर एकच, दोघांना जोडलेला. पहिल्या कंटेनरात डोकावलं तर सगळं ठीक. दुसऱ्यात डोकावलं तर फोटो तिथेही होते, पण मालकाच्या रकान्यात 'नोबडी'. दोन्हीकडे प्रोग्रॅम चालवणारा युजर तोच, १०००. तरी एकाने लिहिलेलं दुसऱ्याला उघडेना.

लॅपटॉपवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम आहे, आणि लिनक्समध्ये फाइलवर मालकाचं नाव लिहिलेलंच नसतं. डिस्कवरच्या नोंदीत असतो फक्त एक आकडा, युजर आयडी. फाइलींची यादी काढणारी 'एलएस' कमांड आपल्याला नाव दाखवते ती त्या क्षणी युजरच्या यादीत आकडा शोधून. रूट म्हणजे सगळे अधिकार असलेला युजर, त्याचा आकडा ०, आणि डेबियन किंवा उबंटू या लिनक्सच्या प्रकारांवर नेहमीच्या पहिल्या युजरचा १०००. सातबारा पाहिलेल्यांना ही अडचण लगेच कळेल. गट नंबर १२ कितीतरी गावांत असतो. गाव सांगितल्याशिवाय जमीन कुणाची ते कळत नाही. फाइलवर नंबर आहे, गाव नाही.

कंटेनर म्हणजे वेगळा संगणक नव्हे. सगळ्यांच्या खाली कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, एकच असतो. मग एका कंटेनरातला ० आणि खऱ्या यंत्राचा ० एकच मानला, तर कंटेनरातून निसटलेला प्रोग्रॅम थेट यंत्राचा मालक होऊन बसतो. यावरचा उपाय, युजर नेमस्पेस, फेब्रुवारी २०१३ मध्ये लिनक्स ३.८ बरोबर वापरण्याजोगा झाला. त्यात प्रत्येक कंटेनरला आकड्यांचा एक पट्टा तोडून देतात आणि तीन आकड्यांची एक ओळ लिहून ठेवतात. माझ्या पहिल्या कंटेनरची ओळ होती '० १००००० ६५५३६'. म्हणजे आतल्या शून्यापासूनचे ६५,५३६ आयडी बाहेर एक लाखापासून मोजायचे. आतला रूट बाहेर १००००० हा कुठलेच अधिकार नसलेला युजर, आणि आतला १००० बाहेर १०१०००.

दुसऱ्या कंटेनरचा पट्टा १६५५३६ पासून सुरू होत होता. तिथला १००० बाहेर होतो १६६५३६. पहिल्याने फोटो लिहिला तेव्हा डिस्कवर १०१००० उमटलं. दुसऱ्याने पाहिलं, तर हा आकडा त्याच्या पट्ट्यातच नाही. अशा वेळी कर्नल ६५५३४ हा ठरलेला आकडा पुढे करतो आणि त्यालाच यादीत 'नोबडी' हे नाव असतं. मी दुसऱ्या कंटेनरात रूट होऊन मालक बदलायला गेलो, तर 'परवानगी नाही'. बरोबरच आहे. स्वतःच्या गावातला पाटील शेजारच्या गावात कारभार कसा करणार?

सगळ्या कंटेनरना एकच पट्टा दिला की ही भानगड उद्भवत नाही, आणि बरेच जण तेच करतात. पण मग एक कंटेनर फुटला तर त्याचा हात दुसऱ्याच्या फाइलींपर्यंत पोचतो. वेगळे पट्टे त्यासाठीच तर आहेत.

मग सुरू होतात जुगाड. पहिला म्हणजे परमिशन ७७७, सगळ्यांना सगळं. याबद्दल न बोललेलंच बरं. दुसरा, अख्ख्या फोल्डरचा मालक बदलून टाकणारी 'सीएच-ओन'. मी तीच, या वेळी कंटेनरात नव्हे तर थेट लॅपटॉपवर, चालवली. अल्बम दिसू लागला आणि पहिल्या कंटेनरला त्याच्याच फाइली परक्या झाल्या. शिवाय लाखो फाइली असतील तर ही कमांड प्रत्येकीची नोंद गाठून बदलत बसते, आणि प्रोग्रॅम-फाइलीवर सेटयूआयडीची (मालकाच्या अधिकाराने चालण्याची) खूण असेल तर तीही पुसते. ओव्हरलेसारख्या थर रचणाऱ्या फाइलप्रणालीवर तर नुसता मालक बदलायलासुद्धा एरवी अख्खी फाइल वरच्या थरात उतरवली जाते, जागा दुप्पट.

तिसरा जुगाड मला आवडतो, कारण तो हिशोबाचा आहे. पट्ट्याला भोक पाडायचं. ओळ एकाऐवजी तीन: '० १००००० १०००', मग '१००० १००० १', मग '१००१ १०१००१ ६४५३५'. फक्त १००० हा आयडी दोन्ही कंटेनरांत खऱ्या १००० ला जोडला, बाकीचे आपापल्या पट्ट्यात. काम होतं, पण कुंपणात तेवढी फट राहते.

खरी गाठ सुटली एप्रिल २०२१ मध्ये, लिनक्स ५.१२ बरोबर. ख्रिस्तियान ब्राउनर यांनी कर्नलमध्ये आणलेल्या 'आयडी-मॅप्ड माउंट'मध्ये डिस्कवरच्या आकड्याला हात लावत नाहीत. फोल्डर कंटेनरला ज्या दारातून जोडला जातो, त्या दारातच भाषांतर बसवतात. डिस्कवर साधा १००० लिहिलेला. पहिल्या दारातून कर्नल तो १०१००० धरतो, म्हणून पहिल्या कंटेनरात १००० दिसतो. दुसऱ्या दारातून तोच १६६५३६ धरला जातो, म्हणून तिथेही १०००. लिहिताना हाच हिशोब उलटा. फाइली दहा असोत की दहा लाख, दार बसवायला वेळ तेवढाच, कारण फाइली कोणी मोजतच नाही. अट एवढीच की खालच्या फाइलप्रणालीला हे जमलं पाहिजे: सुरुवातीला ईएक्सटी४, एक्सएफएस आणि फॅट होत्या, पुढे ५.१५ मध्ये बीटीआरएफएस आली.

एलएक्सडी किंवा इन्कस या कंटेनर चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये यासाठी फोल्डर जोडताना 'शिफ्ट' हा पर्याय चालू करायचा, बस्स. अनेक यंत्रांवरचे कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटीसमधल्या युजर नेमस्पेसही याच दारावर उभ्या आहेत.

मी शिफ्ट चालू केलं, उत्साहाने दोन्हीकडे यादी काढली, आणि आता दोन्ही कंटेनरांत 'नोबडी'! डोकं खाजवल्यावर लक्षात आलं. माझ्या मघाच्या प्रतापाने जुन्या फोटोंवर १६६५३६ उमटलेलं होतं. नव्या दाराला ० ते ६५५३५ एवढेच आकडे समजत होते. शेवटी लॅपटॉपवर रूट होऊन 'सीएच-ओन' आणखी एकदा चालवली, सगळ्यांचा मालक १००० केला, आणि बटूचं मुंडण टीव्हीवर आलं.