जाड ऑइल म्हणजे जास्त संरक्षण? खुलासा

"गाडी जुनी झाली, आता जाड ऑइल घाला" हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो सरसकट खरा नाही. इंजिनाची बरीच झीज थंड असताना स्टार्ट करताना होते, आणि नेमकं तेव्हाच जाड ऑइल वरच्या भागांपर्यंत उशिरा पोहोचतं. ऑइलच्या डब्यावरच्या ५डब्ल्यू-३० सारख्या ग्रेडमधला (दाटपणाच्या खुणेतला) 'डब्ल्यू' म्हणजे विंटर (वजन नव्हे!). पहिला आकडा थंडीतलं वाहणं सांगतो, दुसरा १०० अंश सेल्सिअसला उरणारा दाटपणा. अनेक नव्या इंजिनांत तर व्हॉल्व्ह टायमिंगही (झडपा कधी उघडायच्या-मिटायच्या ती वेळ) ऑइलच्या दाबावर बदलतं, म्हणून तिथेही दाटपणा योग्यच हवा. ऑइल खाणाऱ्या इंजिनात मॅन्युअलमध्ये दिलेला जाड ग्रेड चालेल, पण ती मलमपट्टीच. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या डिझेल गाडीत मात्र ग्रेड जुळूनही भागत नाही. ऑइल कमी राखेचं (जळल्यावर कमी राख सोडणारं) नसेल तर फिल्टर हळूहळू तुंबतो.