श्वासमार्ग व्यवस्थापन, बालकांचे (रुग्णवाहिकेतील)

आजारी वा जखमी लहान मुलाचा श्वासमार्ग मोकळा ठेवून, रुग्णालय गाठेपर्यंत फुप्फुसांत हवा पोहोचवत राहण्याची तातडीची पद्धत. गुजरातेत १०८ रुग्णवाहिका सेवा २००७ मध्ये सुरू झाली. बडोद्यात दांडिया बाजारातून फोन गेला की येणाऱ्या गाडीत इएमटी म्हणजे तातडीचे उपचार करणारा प्रशिक्षित कर्मचारी आणि ‘पायलट’ म्हणजे चालक असे दोघेच असतात, आणि गाडी निघाली की मुलापाशी इएमटी एकटा. कोणते काम जागेवरच उरकायचे, ते यावरून ठरते.

तान्ह्या बाळाचे डोके धडाच्या मानाने मोठे असते. सपाट स्ट्रेचरवर ठेवताच मान पुढे वाकते, हनुवटी छातीकडे येते आणि वाट दबते. खांद्यांखाली नॅपकिनची घडी सरकवावी. कानाचे भोक आणि गळ्याखालची खाच एका पातळीत आली की पुरे. मोठ्या माणसासारखी मान मागे ताणली तर मऊ श्वासनळी पुन्हा दबते. पहिले काही महिने बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेते, म्हणून कित्येकदा नुसता शेंबूड ओढून काढल्यावरही धाप कमी होते. शुद्धीत असलेल्या, आवाज करत श्वास घेणाऱ्या मुलाला आईच्या मांडीवरून उतरवू नये. रडण्याने धाप वाढते, आणि ४ मिलिमीटर व्यासाच्या श्वासनळीला चहूबाजूंनी १ मिलिमीटर सूज आली तर तीन चतुर्थांश वाट आधीच बंद झालेली असते.

नाडी लागते पण श्वास पुरत नाही, अशा वेळी अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून मास्कवाटे हवा देण्याची पिशवी. मास्क नाकाच्या मुळापासून हनुवटीच्या खाचेपर्यंत बसावा, डोळ्यांवर येऊ नये. अंगठा व तर्जनी मास्कवर, उरलेली बोटे जबड्याच्या हाडावर. हनुवटीखालच्या मऊ भागात रुतली तर ती जीभच वर ढकलतात. दर २ ते ३ सेकंदांना एक श्वास, छाती उचललेली दिसेल इतकाच. घाबरलेला हात भराभर आणि जोरात दाबतो. हवा पोटात जाते, फुगलेले पोट श्वासपटल वर रेटते, बॅग कडक लागते आणि हात आणखी जोर करतो. तेव्हा मान व मास्क पुन्हा बसवावे, तोंडावाटे जठरात नळी घालून हवा काढावी. एका हाताने मास्क बसत नसेल तर गाडी हलवण्याआधीच पायलटला बॅग दाबायला घ्यावे.

श्वासनळीत नळी घालणे त्यानंतरचे. लॉस एंजेलिस परिसरातील ८३० मुलांच्या, २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नळीमुळे बॅग-मास्कपेक्षा जास्त मुले वाचली नाहीत. शिवाय मान वाकली की नळी खाली सरकते, मागे गेली की वर येते. म्हणून स्ट्रेचर उचलल्यावर दर वेळी ती तपासावी लागते.

संक्रांतीच्या तिळगुळातला शेंगदाणा अडकला आणि मूल जोराने खोकत असेल तर खोकू द्यावे. आवाजच फुटत नसेल आणि बाळ वर्षाच्या आतले असेल, तर डोके खाली करून पाठीवर ५ थापा, मग उताणे करून छातीवर ५ दाब. न दिसणाऱ्या दाण्यासाठी घशात बोट घालू नये, तो आणखी खाली जातो. ठसका थांबला म्हणजे दाणा निघालाच असे नव्हे. तो बहुधा उजव्या फुप्फुसाच्या नळीत उतरतो आणि ब्राँकोस्कोपीनेच, म्हणजे श्वासनळीत दुर्बीण घालूनच निघतो, तेव्हा खेळायला लागलेले मूलही रुग्णालयात न्यावे.