व्हिसाची तारीख आणि परवान्याची तारीख

अंधेरीतल्या एका कंपनीच्या प्रशासन विभागात मी बरीच वर्षं काढली. गाड्या, कँटीन, एसीवाल्याची बिलं हे सगळं होतंच, पण माझ्या टेबलावर आणखी एक गठ्ठा कायम असायचा, परदेशी मंडळींच्या पासपोर्टच्या झेरॉक्सचा. कोणी कोरियाहून मशीन बसवायला आलेला, कोणी जर्मनीहून बायकामुलांसकट दोन वर्षांसाठी आलेला. यातला जवळजवळ प्रत्येक जण कधी ना कधी पासपोर्टचं पान उघडून माझ्यासमोर धरायचा. "अजून पुष्कळ दिवस आहेत की!" नाहीतर घाबराघुबरा होऊन, "ही तारीख तर गेली!" दोन्ही वेळा मी एकच विचारायचो, तारीख कशाची? व्हिसाची की परवान्याची?

मुंबईकराला हा फरक पटकन कळतो. सोसायटीच्या गेटवर वॉचमन वहीत नाव लिहून घेतो आणि आत सोडतो, तो व्हिसा. वर फ्लॅटमध्ये बिऱ्हाड थाटायचं तर लिव्ह अँड लायसन्सचा करार लागतो, तो निवास परवाना. वॉचमनने सलाम ठोकला म्हणून कोणी तिसऱ्या मजल्याची चावी हातात देत नाही. उपमा थोडी लंगडी आहे, कारण आपल्याकडे परवान्याची मुदत बहुतेक वेळा व्हिसाच्याच मुदतीला बांधलेली असते. गोंधळ होतो तोही त्यामुळेच. दोन कागद एकत्र चालतात म्हणून लोक त्यांना एकच समजतात.

व्हिसा देतो भारताचा परदेशातला दूतावास किंवा वकिलात. ई-व्हिसा असेल तर तो ऑनलाइन मिळतो. त्यावर येण्याचं कारण लिहिलेलं असतं, म्हणजे पर्यटन, नोकरी, शिक्षण, उपचार वगैरे. दूतावासाने चिकटवलेल्या व्हिसाची मुदत तो दिल्याच्या दिवसापासून मोजतात, विमान सहारला उतरल्यापासून नाही. व्हिसा मिळाल्यावर तीन महिने सामानाची बांधाबांध करत बसलेल्या माणसाचे तीन महिने तिकडेच खर्ची पडलेले असतात.

परवान्याचं काम इथे येऊन. १८० दिवसांहून जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्याने, व्हिसावर वेगळी सूट लिहिलेली नसेल तर, आल्यापासून १४ दिवसांत नाव नोंदवायचं. पाकिस्तानी नागरिकांना यासाठी फक्त २४ तास मिळतात. १२ वर्षांखालच्या मुलांना नोंदणी नाही, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) असलेल्यांनाही नाही. ही नोंदणी करून परवाना देणारं कार्यालय म्हणजे एफआरआरओ. ते गृह मंत्रालयाच्या इमिग्रेशन ब्युरोच्या यंत्रणेतलं. मुंबईत हे कार्यालय सेंट झेवियर्स कॉलेजच्या मागे, बद्रुद्दीन तय्यबजी मार्गावर आहे. पूर्वी सीएसएमटीला उतरून फाइल बगलेत मारून तिथे जावं लागायचं आणि अख्खा दिवस त्यातच जायचा. २०१८ मध्ये ई-एफआरआरओ पोर्टल देशभर सुरू झालं. आता अर्ज, कागद, फी सगळं ऑनलाइन. त्यांनी बोलावलं तरच जायचं. मंजुरी ईमेलवर पीडीएफमध्ये येते.

सोय झाली खरी, पण त्या पीडीएफने एक नवा घोटाळाही केला. मुदतवाढ मिळाली तरी पासपोर्टवरचा स्टिकर जुनाच राहतो. म्हणजे छापलेली तारीख कधीच उलटून गेलेली, पण माणूस पूर्ण कायदेशीर. आमचा एक इंजिनिअर सुट्टीला अलिबागला गेला, तर हॉटेलच्या काउंटरवरच्या पोराने स्टिकर पाहून त्याला खोलीच नाकारली. चूक त्या पोराची नव्हती. पीडीएफची प्रिंट घरी कपाटात ठेवून हा गृहस्थ मांडव्याच्या बोटीत बसला होता. तेव्हापासून मी प्रत्येकाला एक प्रिंट पासपोर्टच्या प्लास्टिक कव्हरातच ठेवायला लावली. परदेशी जाऊन परत येताना तर ती हवीच. तिकडच्या विमान कंपनीच्या माणसाला आपलं पोर्टल कुठून माहीत असणार?

उलटा प्रकार जास्त धोक्याचा. पर्यटक व्हिसा पाच वर्षांपर्यंतचा असतो, काहींना दहा वर्षांचाही मिळतो. तारीख लांबची दिसते, म्हणून माणूस निर्धास्त होतो. पण एका मुक्कामात किती दिवस राहायचं, ही अट त्याला वेगळी लागू असते. ई-टुरिस्ट व्हिसावर बहुतेक देशांच्या लोकांना सलग ९० दिवस, तर अमेरिका, ब्रिटन, कॅनडा आणि जपानच्या नागरिकांना १८० दिवस. पाच वर्षांचा व्हिसा म्हणजे पाच वर्षं गेटमधून ये-जा करायची मुभा. पाच वर्षं सोफ्यावर पसरायची नव्हे. इथे स्टिकर जिवंत असतो, पण माणसाचा मुक्काम मात्र बेकायदा झालेला असतो.

तिसरी गोष्ट कुठल्याच तारखेत दिसत नाही. नोकरीच्या व्हिसावर आलेल्याची नोकरी सुटली, तर कागदावर आठ महिने शिल्लक असूनही त्या कागदाचा आधारच गेलेला असतो. दुसऱ्या कंपनीत जाऊन त्याच व्हिसावर काम सुरू करता येत नाही. मुख्य कंपनी आणि तिची उपकंपनी अशा मोजक्या बाबतीत बदलाची परवानगी मागता येते, एवढंच. राजीनामा देताना परदेशी माणूस ग्रॅच्युइटीबद्दल दहा प्रश्न विचारतो आणि हे एक विचारायचं विसरतो, असा माझा अनुभव.

आता मुदत संपत आली असेल तर काय करायचं? राहायचं असेल तर मुदतवाढ, जायचं असेल तर मुदतीच्या आत तिकीट. मुदतवाढीचा अर्ज तारीख उलटायच्या आधी पोर्टलवर पडलाच पाहिजे. आम्ही दोन महिने आधीच कागद गोळा करायला लागायचो, कारण अर्ज भरायला अर्धा तास लागतो आणि कागद जमवायला महिना. पासपोर्ट, व्हिसा, फोटो हे किरकोळ. कंपनीचं पत्र आणि करार, विद्यार्थी असेल तर कॉलेजचं बोनाफाइड, हेही मिळतं. घोडं अडतं ते पत्त्याच्या पुराव्यावर.

कारण घरमालक. महाराष्ट्रात भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची, असं १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा सांगतो. तरी मुंबईत "नोटरी करून घेऊ ना, कशाला खर्च" म्हणणारे मालक पैशाला पासरी. त्यात दुसरी भानगड, ज्याला सगळे सी-फॉर्म म्हणतात त्या फॉर्मची. परदेशी माणूस राहायला आला की २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन कळवायची असते. हॉटेलवाल्याने तर कळवायचीच, पण फ्लॅट भाड्याने देणाऱ्यानेही. वांद्र्याच्या एका काकूंना मी हे समजवायला गेलो, तर त्या म्हणाल्या, "अहो, मुलगा इतका सज्जन आहे, पोलिसांत कशाला नाव द्यायचं त्याचं?" मी म्हटलं, "काकू, नाव दिलं नाहीत तर त्या सज्जन मुलाची मुदतवाढ अडकेल." मग त्यांच्या नातवाने दहा मिनिटांत फॉर्म भरून दिला. घर बदललं की हे सगळं पुन्हा, आणि पत्ता बदलल्याचं पोर्टलवरही कळवायचं.

पासपोर्टच संपत आला असेल तर आधी स्वतःच्या देशाच्या वकिलातीतून नवा काढायचा आणि मग व्हिसाची नोंद नव्या पासपोर्टवर घ्यायचा वेगळा अर्ज करायचा. जुना पासपोर्ट फेकू नये, हे सांगायची गरज नसावी, पण मला दोनदा सांगावं लागलं.

तारीख उलटूनच गेली असेल तर? पहिली गोष्ट, लपून बसू नका आणि "तीनच दिवस तर झालेत" म्हणत आणखी तीन आठवडे घालवू नका. १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन आणि परदेशी नागरिकांचा नवा कायदा लागू झाला. १९४६ चा परदेशी नागरिक कायदा आणि त्याच्या सोबतीचे जुने कायदे त्याने मोडीत काढले. व्हिसाची मुदत ओलांडून राहिल्यास ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ३ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. खोटे कागद वापरले तर शिक्षा २ ते ७ वर्षं. म्हणून "मागच्या तारखेचा शिक्का मारून देतो" म्हणणाऱ्या एजंटाला दारातूनच नमस्कार करावा. व्यवहारात थोड्या दिवसांची चूक असेल आणि माणूस स्वतःहून अर्ज करून कारण सांगत असेल, तर दंड भरून प्रकरण मिटवता येतं. दिवस वाढले की दंडही चढतो. आजारी पडल्यामुळे उशीर झाला असेल तर हॉस्पिटलचं पत्र जोडायचं. पर्यटक असा आजारी पडला की त्याला प्रवासच झेपणार नाही, तर पर्यटक व्हिसा वैद्यकीय व्हिसात बदलून मागायचीही सोय आहे.

मुदतीनंतर देश सोडायचा असेल तर एक्झिट परमिट लागतं. मुदतवाढ आणि एक्झिट परमिट यांचीही लोक अशीच गल्लत करतात. एक राहण्यासाठी, दुसरं जाण्यासाठी. पोर्टल तेच असलं तरी सेवा वेगळी, आणि चुकीची निवडली की अर्ज परत येतो. रात्री दोनच्या फ्लाइटला टी-२ वर जाऊन इमिग्रेशनच्या खिडकीवर दंड भरू आणि निघू, असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. तिथून परत पाठवतात, तिकिटाचे पैसे जातात आणि सकाळी पोर्टल उघडावं लागतंच. पासपोर्ट हरवला असेल आणि वकिलातीने तात्पुरता कागद दिला असेल, तरी एक्झिट परमिट लागतं. इथे जन्मलेल्या परदेशी बाळाचंही तेच. त्याच्या कोऱ्या पासपोर्टवर व्हिसा कुठून असणार? आमच्या जर्मन मॅनेजरला हे कळलं तेव्हा तो दोन मिनिटं बोललाच नाही. दहा किलो कागद भरून झाल्यावर अडीच किलोच्या बाळाने आणखी एक अर्ज काढला होता.

आपली पोरं बाहेर जातात त्यांनाही हाच फरक दुसऱ्या टोकाने भेटतो. चीनमध्ये कामाचा व्हिसा जवळपास फक्त आत शिरण्यापुरता असतो. आल्यावर ३० दिवसांत निवास परवान्याचा अर्ज करायचा. परवाना वाढवायचा तर संपायच्या ३० दिवस आधी अर्ज आणि मुदतीबाहेर राहिलं तर दिवसाला ५०० युआन, जास्तीत जास्त १०,००० युआन दंड, प्रसंगी कोठडीही. जर्मनीत परवाना संपायच्या आत अर्ज केला, तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू आहे असं कायदा धरून चालतो आणि तसा कागदही मिळतो. म्युनिकमधल्या भाच्याला मी म्हटलं, तो कागद फ्रेम करून ठेव.

आमचा एक कोरियन इंजिनिअर भाद्रपदात असाच अडकला. काम आठवडाभर लांबलं, मुदतवाढीचा अर्ज राहून गेला, शेवटी दंड भरून एक्झिट परमिट काढलं. ते हातात पडताच स्वारी खुशीत म्हणाली, आता अनंत चतुर्दशीची मिरवणूक बघूनच जातो. मी परमिटवर बोट ठेवलं. त्यावरही एक तारीख होती, विसर्जनाच्या दोन दिवस आधीची. लालबागची मिरवणूक त्याने सोलमध्ये बसून माझ्या व्हिडिओ कॉलवर पाहिली, आणि नेमका राजा दिसला तेव्हा माझं नेटवर्क गेलं.