समुद्र झटपट, सैन्य रखडत

गेमिंगच्या गप्पांत एक तक्रार हमखास निघते. ‘ब्लॅक फ्लॅग’ या समुद्री चाच्यांच्या गेममध्ये १७१५च्या सुमाराचा कॅरिबियन समुद्र खवळतो, जहाज हेलकावतं, तोफा धडाडतात आणि कुठे काही अडखळत नाही. त्याच कम्प्युटरवर ‘सिव्हिलायझेशन’ या आळीपाळीने चाली करत साम्राज्य उभारायच्या गेमचा डाव उत्तरार्धात गेला, की आपला टर्न (खेळी) संपवून कम्प्युटरने चालवलेल्या राजांच्या चालींसाठी नुसतं ताटकळत बसायचं. नकाशावर चार सोंगट्या सरकवायला इतका वेळ? मग सल्ला ठरलेला: भारी ग्राफिक्स कार्ड टाक. ते टाकून दृश्यं देखणी होतील, पण टर्नची वाट बघणं फारसं कमी होणार नाही, कारण दोन्हीकडचं गणितच वेगळ्या जातीचं आहे.

आधी समुद्र, कारण खरी गंमत तिथे आहे. सेकंदाला ६० चित्रं काढायची तर एका चित्राच्या वाट्याला जेमतेम १६.७ मिलिसेकंद येतात. तेवढ्यात समुद्रभर पाण्याचा प्रवाह सोडवणं अशक्य. म्हणून फक्त पृष्ठभाग घ्यायचा आणि तो वेगवेगळ्या लांबीच्या, वेगवेगळ्या दिशांना निघालेल्या साध्या लाटांची बेरीज आहे असं धरायचं. खोल पाण्यात लाटेचा वेग तिच्या लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. १०० मीटर लांबीची लाट सेकंदाला साधारण १२.५ मीटर धावते, २५ मीटरची तिच्या निम्म्या वेगाने. लांब लाटा आखूड लाटांना सतत मागे टाकतात, म्हणून पाण्याचा आकार क्षणाक्षणाला बदलतो. त्यांचे उंचवटे एकमेकांवर चढले, की मोठ्या लाटांचा पुंजका येतो. दर सातवी लाट मोठी, ही दर्यावर्दींची जुनी समजूत यातूनच आली असावी. पुंजके खरे आहेत, सात हा आकडा मात्र कुठल्याच समीकरणात नाही.

लाटेचा शेंडा टोकदार आणि दरी पसरट का दिसते, याचं उत्तर गेर्स्टनर या गणितज्ञाने १८०२ सालीच देऊन ठेवलंय. त्याच्या लाटेत पाण्याचा कण नुसता वरखाली होत नाही, वर्तुळात फिरतो, म्हणून शेंड्याशी कण दाटतात आणि दरीत पांगतात.

आता आकडे बघा. २५६ × २५६ बिंदूंची जाळी म्हणजे ६५,५३६ बिंदू. प्रत्येक बिंदूवर तितक्याच लाटांची बेरीज करायची तर सुमारे ४२९ कोटी पदं होतात, तीही एका चित्रासाठी! इथे ‘फास्ट फूरिए ट्रान्सफॉर्म’ कामाला येतो. कूली आणि टुकी या गणितज्ञांनी १९६५ साली मांडलेली ही रीत बेरीज अर्ध्या-अर्ध्या भागांत तोडते आणि एकदा काढलेलं उत्तर पुन्हापुन्हा वापरते. पदं उरतात साधारण साडेदहा लाख. (जर्मन गणितज्ञ गाऊसच्या कागदपत्रांत ही युक्ती १८०५च्या सुमारास सापडते, पण त्याने ती छापलीच नाही!) शिवाय प्रत्येक टप्प्यातल्या हजारो बेरजा एकमेकींसाठी खोळंबत नाहीत, आणि ग्राफिक्स कार्डला नेमकं असंच काम हवं असतं. जहाजाचं काय? तळाखालच्या काही बिंदूंवर पाणी किती चढलंय ते बघून आर्किमिडीजचा धक्का (पाणी वस्तूला वर ढकलतं तो जोर) द्यायचा, जहाजाची नाळ, म्हणजे पुढचं टोक, आपोआप वर उचलली जाते.

‘सिव्हिलायझेशन’मध्ये अशी समांतर कामं थोडी. २०१०च्या पाचव्या आवृत्तीपासून नकाशावरची घरं षटकोनी झाली आणि एका घरात एकच लढाऊ तुकडी उभी राहू शकते. प्रत्येक तुकडीला जागेवर थांबणं धरून सात पर्याय, म्हणजे दहा तुकड्यांच्या हालचालींचे ७^१० प्रकार, जवळपास २८ कोटी. तेही फक्त एका पावलाचे. त्यात तिरंदाज हलल्याशिवाय मागच्या घोडदळाला त्याच्या घरात थांबता येत नाही आणि तुमच्या शेजाऱ्याने शहर घेतलं की पुढच्या राजाचा हिशोबच बदलतो. कामाचा २० टक्के भाग असा एकामागून एकच करावा लागत असेल, तर कितीही प्रोसेसर जोडा, वेग पाच पटींपलीकडे जात नाही. याला अॅमडालचा नियम म्हणतात.

म्हणून सगळे पर्याय कोणी तपासतच नाही. घरांना गुण द्यायचे, बरी दिसणारी चाल उचलायची आणि पुढे जायचं. जाहिरातवाले याला बेधडक ‘एआय’ म्हणतात. अवघड पातळी निवडली म्हणून प्रतिस्पर्धी जास्त खोल विचार करू लागतो असंही नाही, कारण खोल विचार म्हणजे आणखी ताटकळणं. त्याऐवजी त्याला सुरुवातीलाच जादा तुकड्या आणि उत्पादनात सवलत मिळते.