मुले पळवणाऱ्या टोळीची अफवा (२०१८)

‘मुले पळवणारी टोळी आपल्या भागात आली आहे’ अशा मजकुराचे संदेश २०१८ च्या उन्हाळ्यात व्हॉट्सॲपवरून देशभर फिरले. त्यांवर विश्वास ठेवून जमावांनी अनेक राज्यांत निरपराध माणसांना ठार मारले. समाजमाध्यमांच्या परिणामांविषयीचा भारतातला वाद तोवर मुख्यतः निवडणुका आणि तरुणांचे मोबाइलवेड यांभोवती फिरत असे. या हत्यांनी तो खेड्यातल्या बाजारापर्यंत आणला.

महाराष्ट्रातली सर्वांत भीषण घटना १ जुलै २०१८ ची, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथील. रविवारचा आठवडे बाजार होता. एसटीतून उतरलेल्या पाच जणांपैकी एक जण एका लहान मुलीशी बोलताना दिसला, एवढे निमित्त पुरले. पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागत गावोगाव फिरणारे. मारहाण सुरू झाल्यावर त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेण्यात आले, पण जमाव तिथेही घुसला आणि पाचही जणांचा जीव गेला. मारहाणीचे चित्रीकरणही मोबाइलवर झाले आणि तेही फिरले. त्याच सुमारास मालेगावात अशाच संशयावरून घेरलेल्या पाच जणांना, त्यांत एक लहान मूलही होते, पोलिसांनी मोठ्या मुश्किलीने वाचवले.

फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एकीत मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यात खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात. मूळ फीत कराचीतल्या एका संस्थेने बालसुरक्षेच्या जागृतीसाठी केलेली होती. तीत शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि एक फलक दाखवतात. हा शेवट कोणीतरी कापला. उरलेल्या तुकड्याखाली गावागावांची नावे बदलत गेली.

वादाची एक बाजू सगळा दोष माध्यमाला देते. भारतात तेव्हा व्हॉट्सॲपचे वापरकर्ते २० कोटींहून अधिक होते आणि संदेश ओळखीच्याच माणसाकडून येत असल्याने तो खरा वाटे. दुसरी बाजू आठवण करून देते, की २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो ही बातमी देशभर पोहोचली तेव्हा कोणाच्याही हातात स्मार्टफोन नव्हता. आणि पोत्यात पोरे घालून नेणारा बुवा तर आजीच्या गोष्टींतलाच. ही हरकत खरी असली तरी अपुरी आहे. दूध पिणाऱ्या गणपतीसाठी लोकांनी देवळापुढे रांगा लावल्या; इथे अफवेला माणसाचा चेहरा हवा होता आणि तो तिला अनोळखी, गरीब, फिरत्या माणसात मिळाला. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या शकुंतला बनाजी आणि राम भट यांनी २०१९ मधील अभ्यासात हेच मांडले: अडाणीपणापेक्षा आधीपासून मनात असलेला पूर्वग्रह अधिक घातक. भटक्या जमातींपुरते बोलायचे, तर १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने त्यांतल्या अनेकांवर मारलेला शिक्का १९५२ मध्ये कागदावरून पुसला गेला, गावाच्या नजरेतून नाही.

निव्वळ प्रबोधनाची मर्यादाही तेव्हाच दिसली. त्रिपुरात अफवांवर विश्वास ठेवू नका, असे भोंग्यावरून सांगत फिरण्यासाठी सरकारने नेमलेल्या माणसालाच जूनअखेर जमावाने मारून टाकले.

व्हॉट्सॲपने जुलै २०१८ मध्ये पुढे ढकललेल्या संदेशांवर तशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पाठवता येईल अशी मर्यादा घातली. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. एप्रिल २०२० पासून फार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ रोजी जमावहत्या रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात पोलिसांचा समन्वय अधिकारी नेमण्याचे निर्देश दिले.

पुढचा वाद गोपनीयतेचा. फेब्रुवारी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी मोठ्या संदेशसेवांना, आदेश आल्यास, संदेशाचा पहिला प्रेषक कोण हे सांगणे बंधनकारक केले. त्यासाठी प्रत्येकाच्याच संदेशांचा माग ठेवावा लागेल, म्हणून व्हॉट्सॲप त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयात गेले. कराचीच्या फितीला हा नियम लावला तर पहिला प्रेषक मुलांच्या सुरक्षेसाठी झटणारी संस्था ठरेल. प्रेषक परदेशी असल्यास भारतातला पहिला पाठवणारा धरावा, अशी तरतूद नियमात आहे. पण शेवट कापणारा तोच असेल असे नाही.