कळलावी भांडणं लावत नाही

‘कुंपणाला कळलावी लावू नकोस, घरात भांडणं होतील.’ हे ऐकून कित्येकांनी आपोआप उगवलेला वेलही उपटून टाकला असेल. हा सगळा घोळ नावाचा आहे. पूर्वी अडलेल्या बाळंतिणीला कळा याव्यात म्हणून सुईणी या वेलाचा कंद उगाळून बेंबीखाली लेप लावत. कळा लावणारी ती कळलावी. संस्कृतात तर तिला थेट ‘गर्भपातिनी’ म्हटलंय. भांडणाची कळ मागाहून चिकटली.

धोका आहे, पण तो वेगळा. सगळ्या वेलात, विशेषतः कंदात आणि बियांत, कोल्चिसीन हे जहाल विष असतं. पोटात गेलं तर जीव जाऊ शकतो. त्यामुळे घरगुती औषधाचे प्रयोग नकोत, आणि लहान मुलं किंवा गुरं पोहोचतील तिथे वेल नको.

बाकी वेल आपल्याच मातीतला. पानांची टोकंच आकड्यासारखी वळून आधार पकडतात. पावसाळ्यात हिरवट-पिवळी फुलं उमलतात आणि बघता बघता लालभडक होतात; मधासाठी फुलपाखरं, शिंजीर पक्षी येतात. काळ्या अंगावर लाल-पांढरे ठिपके असलेले सुरवंट पानं फस्त करताना दिसले, तर फवारणी करू नका. ते लिली पतंगाचे. त्यांचं जेवणच हे!

कंद रोपवाटिकेतून घ्या, जंगलातून खणू नका. मेअखेरीस हातमोजे घालून, निचऱ्याच्या मातीत दोनेक इंच खोल आडवा पुरा. कोंब फार ठिसूळ असतो, जपा. हिवाळ्यात वेल वाळतो तेव्हा पाणी थांबवा. तो मेलेला नसतो.