लफे थोउ

लफे थोउ ही आंबवलेल्या चहाच्या पानांची म्यानमारमधील कोशिंबीर. 'लफे' म्हणजे चहाचे पान आणि 'थोउ' म्हणजे हाताने कालवलेले. रोमन लेखनावरून 'लाहपेट थोक' असेही वाचले जाते, पण बर्मी बोलण्यात शेवटचे ट आणि क घशातच अडतात. फळांत आंबा, मांसात डुकराचे आणि पानांत लफे श्रेष्ठ, अशी तिकडे म्हण आहे. पाहुण्यापुढे लफे ठेवण्याला आपल्याकडच्या विड्याइतकाच मान आहे.

पाने मुख्यतः शान राज्यातली. नामसान परिसरातले पलाउंग (तआंग) लोक पावसाळ्याआधीचा कोवळा खुडा सर्वांत उत्तम मानतात. पाने काही मिनिटे वाफवतात, बांबूच्या चटईवर हाताने मळतात आणि पिंपात किंवा खड्ड्यात जड वजनाखाली तीन-चार महिने, कधी त्याहून जास्त, दाबून ठेवतात. पान काळे करणारे विकर (एन्झाइम) वाफेने निकामी होते. दाबल्यामुळे हवा निघून जाते आणि लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंना रान मोकळे मिळते.

घरी ताजी पाने नसल्यास अख्ख्या पानांचा सुका हिरवा चहा घ्यावा. दाणेदार काळा चहा अजिबात चालत नाही, कारण त्याचे पान आधीच काळे पडून चुरलेले असते. पिशवीतला चुरा आणि लिंबू-मोगऱ्याच्या वासाचा चहाही टाळावा.

४० ग्रॅम चहा एक लिटर कढत पाण्यात १० मिनिटे भिजवून पाणी ओतून द्यावे. हेच आणखी दोनदा करावे. मग पाने रात्रभर थंड पाण्यात ठेवावीत आणि मध्ये एकदा पाणी बदलावे. ही पायरी घाईने उरकली तर कोशिंबीर कडू होते, आणि तो कडवटपणा पुढे कितीही लिंबू पिळले तरी जात नाही. जाड देठ काढून पाने घट्ट पिळावीत. त्यांचे वजन साधारण १५० ग्रॅम भरते. त्यात ५० ग्रॅम बारीक चिरलेला कच्चा कोबी, ४ ग्रॅम मीठ, ५ ग्रॅम किसलेले आले आणि दोन मोठे चमचे लिंबाचा रस घालून मळावे. कोबी इथे भरतीचा नाही. कढत पाण्याने चहावरचे बहुतेक जिवाणू मेलेले असतात. नवे जिवाणू आणि त्यांना लागणारी साखर कोबीच पुरवतो. मिश्रण काचेच्या बरणीत दाबून भरावे, वर वजन ठेवावे आणि झाकण सैल लावावे. २५ ते ३० अंश सेल्सिअसला चार-पाच दिवसांत स्वच्छ आंबट वास येतो. आम्लता मोजण्याच्या पट्टीवर पीएच ४.२ किंवा त्याखाली आला पाहिजे. वर पातळ पांढरा पापुद्रा आला तर तो बहुधा यीस्टचा असतो आणि काढून टाकता येतो. केसाळ, हिरवी किंवा काळी बुरशी, बुळबुळीतपणा वा कुजका वास आल्यास सगळी बरणी टाकावी. महिनोन् महिने मुरलेल्या लफेची खोली या झटपट रीतीला येत नाही, हे मान्य करूनच ती करावी.

मग पाने जाडसर कुटून तीन मोठे चमचे शेंगदाणा तेलात कालवावीत आणि फ्रिजमध्ये एक रात्र मुरू द्यावीत. तेल आधी घालू नये. कच्चा लसूण घातलेले तेल बाहेर ठेवणे धोक्याचे आहे, कारण हवाबंद तेलात बोट्युलिझम या घातक अन्नविषबाधेचे जिवाणू वाढू शकतात. लसूण ऐनवेळीच घालावा.

कुरकुरीत जिन्नसांवर अर्धी चव अवलंबून असते. वाल रात्रभर भिजवून, पाणी फेकून, सोलून, कापडावर कोरडे करून तळावेत. हरभऱ्याची डाळ चार तास भिजवून तशीच कोरडी करून तळावी. लसणाचे काप गार तेलात घालून मंद आचेवर तळावेत आणि फिकट सोनेरी होताच काढावेत, कारण बाहेर काढल्यावरही त्यांचा रंग चढत राहतो. शेंगदाणे व तीळ भाजून घ्यावेत. सोड्यांची भरड ऐच्छिक.

मंडालेकडच्या पद्धतीत हे सगळे लाखकामाच्या खणांच्या डब्यात मध्ये लफे आणि भोवती जिन्नस असे वेगवेगळे वाढतात (मराठी वाचकाला मंडाले टिळकांच्या तुरुंगवासामुळे ओळखीचे आहे). कोशिंबिरीत मात्र दोघा-तिघांसाठी तीन मोठे चमचे लफे, दोन वाट्या बारीक चिरलेला कोबी, एक टोमॅटो, हिरवी मिरची, लिंबू आणि फिश सॉस किंवा मीठ एकत्र कालवतात.

विकतचे लफे झगझगीत हिरवे किंवा पिवळे दिसल्यास घेऊ नये. २००९ मध्ये बाजारातल्या लफेत ऑरामाइन ओ हा कापडाचा पिवळा रंग सापडला होता. खऱ्या लफेचा रंग मळकट हिरवा असतो. धुतल्यावरही त्यात बरेच कॅफीन उरते; परीक्षेच्या रात्री तिथले विद्यार्थी ते जागण्यासाठी खातात, म्हणून झोप हलकी असणाऱ्यांनी रात्री बेतानेच घ्यावे. तळण शेवटी घालून लगेच वाढावे, कारण दहा मिनिटांत वाल मऊ पडतात.